'ब' डाइव्ह कॉम्प्युटरची शिफारस मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. खरेदी अधिकारी,
बंदर विभाग

विषय : अर्जदाराने स्वतःच केलेली शिफारस खरेदी आदेश निघण्यापूर्वी रद्द करणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराचा तुलनात्मक अहवाल, ज्यावर आपण 'नमुनेदार' असा शेरा दिला आहे.

महोदय,

१. पाणबुड्यांच्या पथकासाठी मनगटावर बांधायचे डाइव्ह कॉम्प्युटर घ्यायचे ठरले, तेव्हा 'अ' आणि 'ब' या नमुन्यांची तुलना अर्जदाराकडे, म्हणजे भांडारातील लिपिकाकडे आली. माणूस किती खोल आहे, किती वेळ आहे आणि वर येताना कुठे थांबायचे, हे या यंत्राने सांगायचे असते. न थांबता वर आल्यास रक्तात बुडबुडे होऊन जीव जाऊ शकतो. ही माहिती दोन्ही पुस्तिकांच्या पहिल्या पानावर आहे. अर्जदाराने वाचन वैशिष्ट्यांच्या पानापासून सुरू केले.

२. टेबलावर, पंख्याखाली 'ब' सरस ठरले. रंगीत पडदा, नुसत्या बोटाच्या स्पर्शाने चालणारे. 'अ'ची बटणे ढब्बू, आकडे इतके मोठे की अर्जदाराने 'ज्येष्ठांस उपयुक्त' असे लिहिले. पाणबुडे जाड हातमोजे घालतात आणि बंदराच्या गढूळ पाण्यात स्वतःचा हात दिसत नाही, हे अर्जदाराला कोणी सांगितले नाही. त्याने कोणाला विचारलेही नाही.

३. प्रत्यक्ष चाचणीसाठी अर्जदाराने दोन्ही यंत्रे दोरीला बांधून धक्क्यावरून खोल पाण्यात सोडली आणि तो जेवायला गेला. परत येऊन त्याने ती एका दमात वर ओढली. 'अ'ने कर्कश आवाज केला, पडदा लाल केला आणि दोन दिवस काम करण्यास नकार दिला. 'ब' मुकाट्याने घड्याळाची वेळ दाखवू लागले. त्याचा इशारा मेनूत कुठेतरी आत होता. अर्जदाराने 'अ'ला 'कुरकुरे व असहकारी' म्हणून शून्य गुण दिले आणि 'ब'ला 'शांत स्वभाव' म्हणून पैकीच्या पैकी.

४. अर्जदाराची धाकटी बहीण याच पथकात पाणबुड्याचे काम करते. तिने अहवाल वाचला, आधी पोट धरून हसली, मग हसायची थांबली. ती एवढेच म्हणाली, "दादा, दोरीला मी असते तर मेले असते. 'अ' ओरडून तेच सांगत होतं. त्याला तू नापास केलंस."

५. अर्जदाराने त्याच दिवशी हरकत नोंदवली. आपल्या कार्यालयाने ती तज्ज्ञाच्या अभिप्रायासाठी पाठवली. या विषयातील विभागाचा एकमेव मान्य तज्ज्ञ अर्जदारच असल्याने ती त्याच्याच टेबलावर आली. त्याने हरकत योग्य असल्याचा अभिप्राय दिला. तो अभिप्राय तज्ज्ञाच्या आधीच्या अहवालाशी विसंगत असल्याच्या कारणावरून फेटाळला गेला. तज्ज्ञाने खुलासा करावा, असे पत्र अर्जदाराने स्वतः सही करून स्वीकारले आहे.

६. तरी अर्जदाराचे तज्ज्ञपद काढून घ्यावे, अहवालावरील 'नमुनेदार' हा शेरा खोडावा आणि पुढील चाचणी पथकाने स्वतः, हातमोजे घालून, पाण्यात करावी. तसे करता येत नसल्यास 'ब' बांधून पहिली बुडी मारण्याचा आदेश अर्जदाराच्या नावे काढावा. अर्जदाराला पोहता येत नाही. बहिणीला येते, म्हणून विभाग तिलाच खाली पाठवणार. आणि भांडारातून जे मिळेल, ते भावाने पारखून घेतले आहे या भरवशावर मनगटाला बांधून ती जाणार.

आपला नम्र आणि स्वतःच्याच अहवालाचा विरोधक,
(सही)
लिपिक, भांडार विभाग

दिनांक : खरेदी आदेशावर सही होण्याचा आदला दिवस

सोबत : 'अ' यंत्र, चालू स्थितीत.