नाकाने दिलेला नकार

प्रिय सियासी,

तुला, मला आणि या खाडीकाठच्या प्रत्येकाला एकच राग आहे: आपण ‘नाही’ म्हटलेलं या बाहेरच्या लोकांना ऐकूच येत नाही. भुवया उचलल्या की हो, नाक आक्रसलं की नाही. आपलं रांगतं मूलही हे जाणतं. पण पहिल्या बैठकीत सभाभर आक्रसलेली नाकं समोर असताना खाणवाल्यांनी ‘कोणाचीच हरकत नाही’ असं ठरवलं आणि हिवाळ्यात गोठलेल्या खाडीतून बर्फ फोडत जहाज न्यायला मोकळे झाले. बर्फ फुटला की पलीकडच्या कॅरिबू हरणांपर्यंतची आपली बर्फावरची शिकारीची वाट संपली.

पण काल काय झालं ते ऐक.

आपल्या तक्रारीवर सरकारने नवी मध्यस्थ पाठवली, मॅक्रे बाई. मी घसा फोडून भाषण केलं. बाईंनी शांतपणे ऐकलं आणि पुन्हा तेच विचारलं, कोणाची हरकत आहे का? नुतारक काकांनी नाक आक्रसलं. सगळ्यांनीच आक्रसलं. बाई म्हणाल्या, कोणी बोलत नाही, तर पुढे जाऊ या. मी उसळून उठणार, तेवढ्यात काकांनी मला दंडाला धरून बसवलं आणि आंबवलेल्या वॉलरसच्या मांसाचं ताट बाईंपुढे सरकवलं. तो वास तुला ठाऊक आहे. बाई सभ्य, तोंडातून अवाक्षर नाही; नाक मात्र पार कपाळाला भिडलं. काकांनी लगेच ताट मागे ओढलं.

“पोरी, तू नाही म्हणालीस, आम्ही ऐकलं. तोंडात कोंबलं का तुझ्या?”

दुभाष्यालाच हसू आवरेना. मागून काकू म्हणाल्या, आक्रसून आक्रसून माझं तर नाक दुखायला लागलंय, आता तरी बघा म्हणावं. बाई हसल्या नाहीत. लालबुंद झाल्या, मग एकेका चेहऱ्यासमोर थांबून तोच प्रश्न विचारत गेल्या. संध्याकाळी खाणवाल्यांना कबूल करावं लागलं: नव्याने बैठक होईपर्यंत जहाज हलणार नाही. नुसत्या नाकांनी जहाज अडवलं, सियासी!

त्या पहिल्या बैठकीची दुभाषी तू होतीस. शब्द तू चोख पोहोचवलेस. चेहऱ्यांचं भाषांतर तुझ्याकडे कोणी मागितलंच नव्हतं. तरी गाव म्हणालं, सियासीने बर्फ विकला, आणि तू न भांडता ऑटावाला निघून गेलीस. काल काका भरसभेत म्हणाले, “तिचा दोष नव्हता. चूक आमची. तिलाच बोलवा.” एकही नाक आक्रसलं नाही. आता दुभाष्याने चेहरेही मोठ्याने सांगायचे, हे बाईंनी मान्य केलंय. शुक्रवारच्या विमानाने ये आणि नव्या बैठकीत दुभाष्याच्या खुर्चीत बस.

तुझीच,
आलुकी