व्हिनेगर आधी पडलं

लाडक्या ताई,

तुला आणि आईला नमस्कार. मी मजेत आहे, खाणंपिणं वेळेवर होतं. आईच्या गुडघेदुखीला उतार पडला का? तिला एवढंच वाचून दाखव. पुढचं फक्त तुझ्यासाठी.

आमच्या हॉटेलात भाजलेल्या मांसाबरोबर हॉर्सरॅडिशची चटणी देतात. हे मूळ दिसतं मुळ्यासारखं, पण झणका मोहरीचा, थेट नाकात जातो. क जीवनसत्त्वही भरपूर असतं म्हणे. ते किसून थोडा वेळ थांबायचं आणि मग व्हिनेगर घालायचं. लगेच घातलं तर झणका उतरतो.

दोन वर्षं मी डोळे पुसत ते किसतेय. आणि परवापरवा कामाला लागलेल्या त्या भिंगरी पोरीला मुख्य आचाऱ्याने चटणीचं काम दिलं! माझा नुसता जळफळाट झाला. गुरुवारी ती ताजा कीस ठेवून चटणीसाठी साय आणायला गेली, तेवढ्यात मी त्यावर व्हिनेगर ओतलं. म्हटलं, चटणी मिळमिळीत झाली की हिची बरी जिरेल.

झालं भलतंच. आचारी चाखून म्हणाला, "वा! आज पाहुणे रडणार नाहीत. रोज अशीच कर." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या गं.

दुसऱ्या दिवशी तिची चटणी पुन्हा झणझणीत झाली. रडवेली होऊन मला विचारत होती, "तुला येते का गं, कालच्यासारखी?"

येते, ताई. पण कुठल्या तोंडाने सांगू?

अजूनही धुमसणारी,
तुझी धाकटी