पिंगळा माझ्याकडे बघत नाही

११ फेब्रुवारी
पोचले एकदाची! सकाळी घरून, देवपूरहून निघाले, चोपड्याला झणझणीत शेवभाजी हाणली आणि दुपारी जीपने सातपुड्याच्या पायथ्याशी. बारा घरांचा पाडा. ठाकऱ्याभाऊ आणि बिजलीबाई यांच्या कुडाच्या घरातली पुढची खोली मला मिळाली. ठाकऱ्याभाऊंचा जन्म या रानात गेला, वाट तेच दाखवणार. माझा प्रबंध रानपिंगळ्यावर आहे. साळुंकीएवढं घुबड, दिवसा हिंडणारं. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, याच्या जवळजवळ नसतात. डोक्याचा एक स्वच्छ फोटो हवा, बस्स. महिना रग्गड झाला.

१७ फेब्रुवारी
सहा दिवस फुकट. साग उघडा पडलाय, पाचोळा पापडासारखा वाजतो, मी पोचायच्या आत रान गप्प. टेकडीवर रेंज मिळाली तेव्हा माझ्या गाईड सरांचा मेसेज दिसला: या महिन्यात पुरावा नसेल तर विषय बदल. तीन वर्षं पाण्यात? बिजलीबाईंनी चहा दिला, तोही नको वाटला.

१८ फेब्रुवारी
दिसला! कोरड्या नाल्यात, वठलेल्या सालईवर. ठाकऱ्याभाऊ मात्र काठावरच थांबले. म्हणाले, “ताई, तठे उतरू नको. तठलं मांगे लागस.” आठवडाभर रान तुडवल्यावर ‘तिथलं मागे लागतं’ हे ऐकायचं? उतरले. दोन तास बसले, चाळीस फोटो काढले. एकही कामाचा नाही. मेला सतत मान वर करून माझ्या डोक्यावरून मागे बघतो, म्हणून त्याचा माथाच दिसत नाही. टाळ्या वाजवल्या, खडा मारला. माझ्याकडे बघेचना.

१९ फेब्रुवारी
सर म्हणतात, साधाही असू शकेल, डोकं दाखव. पुन्हा नाल्यात. पुन्हा तेच. मग सातभाईंचा थवा आला. पिंगळा दिसला की ही पाखरं त्याच्याभोवती कालवा करतात, हे मी शंभरदा पाहिलंय. आज पिंगळा त्यांच्या शेजारच्या फांदीवर होता. त्याला सोडून ती माझ्या मागे, वर बघून किंचाळत राहिली.
वळून पाहिलं. नुसता पाचोळा.

२१ फेब्रुवारी
नाला सोडून पार दुसऱ्या डोंगरावर गेलो. दुसरा पिंगळा. तोही वरच बघतो. पण नजर परवाच्यापेक्षा खाली, अगदी माझ्या केसांजवळ.
ठाकऱ्याभाऊ रोज माझ्या मागून, वाट सांगत चालायचे. आज पुढे, मान न वळवता. का, म्हणून मी चिडून विचारलं. हातातल्या काठीने वाटेतले काटे बाजूला सारले. मग म्हणाले, “तुना मांगे जागा नही शे.” माझ्या मागे जागा नाही म्हणजे?

२२ फेब्रुवारी
भर दुपारी अंगणात साळुंक्या ओरडतायत. माझ्यामागेच. बिजलीबाईंनी ताट उंबऱ्यावर ठेवलं, जवळ आल्या नाहीत. डोळे पुसत होत्या. भगताला बोलावतो, असं ठाकऱ्याभाऊ म्हणाले. मी त्यांच्यावर ओरडले, अडाणी म्हणाले. म्हणायला नको होतं —
फोटो गेला खड्ड्यात. उद्या पहिल्या जीपने घरी.

२३ फेब्रुवारी
एसटीत शेवटची सीट. पाठ घट्ट पत्र्याला. बरं वाटलं.
अमळनेर स्टँडवर चिमण्या होत्या. माझ्या खिडकीशी —
नाही लिहीत.

२४ फेब्रुवारी
देवपूर. आई शाळेत शिकवायला गेलीय. सकाळपासून भिंतीला पाठ लावून बसलेय. तसूभर फट नाही.
खिडकीत बुलबुल. आता पाच. आता — मोजत नाही.
वर बघत नाहीत. मागेही नाही. माझ्या तोंडाकडे बघून ओरडतायत.
पडदा लावायला उठले. जवळ गेले तशी सगळी गप्प. उडाली मात्र नाहीत. गारठल्यासारखी गजांना धरून —
खाली फाटक वाजलं. आई. जिन्यात पावलं.
हाक मारतेय, आवाज फुटत नाही. तिला सांगायला हवं, आत येऊ न—