ज्वारीच्या पिठात मूठभर कणीक

११ जानेवारी, देवळी
शाळेत उंचीप्रमाणे रांग लावतात. आमची मिनू सगळ्यांत पुढे. नात सहा वर्षांची, दिसते चारची. डॉक्टर म्हणतात, तिला गहू चालत नाही, जन्मभर. गव्हाशिवाय पोर अंग कसं धरणार? आमच्याकडे पाहुण्याला पोळी न् गड्याला भाकर. नातीला रोज भाकर वाढताना माझा हात आखडतो. दिवाळीपासून तिच्या ज्वारीच्या पिठात मूठभर कणीक घालते. भाकर फाटतही नाही. सुनेला, प्रीतीला, सांगितलं नाही. तिचं सगळंच पुस्तकी.

१९ जाने.
मिनूला पुन्हा जुलाब. पोट टम्म. प्री. तिला वर्ध्याला घेऊन निघाली, तेव्हा मी बोललेच, "आमच्या घरात कोनाले असं नाई. तुह्या माहेरचंच असन." 

२० जाने.
तपासणी पुन्हा खराब. कुठून तरी गहू पोटात जातोच आहे म्हणे. प्री.ने घरातला डबा न् डबा उपसला. शेवटी ठरवलं, चक्कीच. धनराज बिचारा सकाळी चक्की झाडून आधी मिनूची ज्वारी दळतो, मगच गहू. तरी त्याच्या दारात जाऊन भांडली. "लेकराच्या जिवाशी काऊन खेळून राह्यले तुमी?" गल्ली जमली. मी तिथंच उभी. तोंड उघडलं नाही.
कणीक बंद केली.

२ फेब्रु.
घरातल्या सगळ्यांच्या जनुकांची तपासणी केली होती. प्री.त काही नाही. माझ्या लेकात, महेशमध्ये आहे, अन् ते माझ्याकडून आलेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, हे कित्येकांत असते. तुमी पोया खाऊन ठणठणीत, नातीले सोसत नाई. नुसत्या बियानं काही उगवत नाई, पाणी लागते. तिच्यासाठी गहू म्हंजे पाणी."
बी माझं. पाणीही मीच घातलं, मुठीमुठीनं.
बसमध्ये प्री. शेजारीच होती. माहेरचा विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं. इतकी लाज कधी वाटली नव्हती.

८ फेब्रु.
मिनू खेळायला लागली. फाटकी भाकर चाटूनपुसून खाते. "आजीच्याच हातची पाहिजे."
धनराजकडे गल्लीतल्या आणखी दोघी जात नाहीत. रोज ठरवते, आज सांगून टाकू. सांगितलं तर प्री. मला पिठाला हात लावू देणार नाही. का द्यावा? पण मग मिनूचं अन् माझं...

१५ फेब्रु.
धनराज स्वतःच आला. ओट्याखाली उभा राहिला, वर आला नाही. "काकू, चक्कीचे दोन्ही दगड बदलले. ताईले म्हना, एक डाव दळून पाहा. लेकरू माह्यामुळं बिमार पडलं, झोप नाई लागत मले."
माझ्याच्यानं त्याच्याकडे बघवेना. प्री. बाहेर आली. मी म्हटलं, "दे त्याले ज्वारी. त्याच्या चक्कीत काही नव्हतं."
"तुमाले कसं मालूम, आई?"
गॅसवर दूध आहे म्हणून आत आले. गॅसवर काहीच नाही. धनराज गेला. प्री. ज्वारीचा डबा धरून अजून दारातच उभी आहे.