जेटमध्ये घातलेली सुई

प्रिय वृंदास,

आशीर्वाद मागाहून, आधी शिव्या. लिहून घेतेय शेजारची अलका. ‘गाढव’ लिहिताना तिचा हात अडखळला, म्हणून पुन्हा लिहायला लावलं. गाढव. फोनच केला असता, पण हल्ली तो आजोबांच्या खाटेशी असतो आणि त्यांचे कान अजून शाबूत आहेत.

खंडेनवमीला तुझ्या मुनिरक्याच्या खोलीवरून आलीस आणि आजोबा फुलं आणायला गेलेले बघून स्कूटर उघडून बसलीस. त्यांना खूश करायचं होतं म्हणे! पूजेसाठी त्यांनी ती आदल्याच दिवशी साफ केलीय, एवढंही विचारलं नाहीस. माझी गोधडीची सुई नेलीस, ती पेट्रोलच्या वासासकट परत आणलीस. मला वाचता येत नाही बाई, वास येतो.

सरकारी वर्कशॉपात जन्म गेला त्या माणसाचा. कार्बोरेटर खोलला की रबराच्या रिंगा आधी माझ्या वाटीत. पेट्रोलमध्ये भिजायचे ते फक्त पितळेचे भाग. जेट म्हणजे पेट्रोल सोडणारी चिमुकली तोटी, तिचं भोक ते बारीकसं, त्यात ब्रशचा एक मऊ केस फिरवायचा, सायकलच्या पंपानं हवा मारायची. लोखंड कधी नाही. पितळ मऊ, भोक वाढलं की गाडी दारुड्यासारखी पेट्रोल ढोसते. शेजारी बसवून शिकवलं होतं तुला. तू शिकलीस भोसकायला!

आता स्कूटर काळा धूर ओकते. मिस्त्रीनं जेट उजेडात धरला आणि म्हणाला, कुणीतरी सुई घातलीय. आजोबांनी तो हातात घेऊन स्वतः पाहिला. त्यांच्याशिवाय त्या गाडीला हात कोण लावतो? म्हणजे आपणच घातली आणि विसरलो, असं धरून बसलेत. हे तुला फोनवर सांगितलं, तर तू म्हणालीस, “अच्छा? वय झालं ना आता आजोबांचं.” वय झालं! तुझ्या तोंडाला कुलूप लागलं ते कुणाच्या वयानं?

मी त्यांना खरं सांगून पाहिलं. हसले. म्हणाले, पोरीवर ढकलून माझी समजूत काढू नकोस. स्कूटरची किल्ली तुझ्या बाबांच्या हातात दिली. काल ताट उचलताना मला हळूच विचारलं, मी जेवलो ना गं? तोंडाला अजून वरण लागलेलं होतं. म्हणून हे पत्र. माझं ते मानत नाहीत, तुझं मानतील. शनिवारी ये आणि त्यांच्यासमोर उभी राहून सांग, आजोबा, सुई मी घातली.

तोवर न बोलणारी, पण तुझीच
आजी