तो वाटेत असताना

अम्मा, तुझा नातू आज मद्रासहून स्वतः गाडी चालवत येतो आहे, एकटा, आणि सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नाही. उद्या तुझी तिथी. तू त्याला पाहिलंही नाहीस, पण तुझ्या तिथीला न चुकता येतो, तेवढं मानायला हवं. रेल्वेने ये म्हटलं तर हसला. नवी गाडी घेतली आहे ना! कुंभकोणमला कॉफीला थांबेन, तेथून फोन करेन म्हणाला होता. कॉफीची वेळ केव्हाच टळली, फोन नाही. वड्यांची डाळ भिजून बसली आहे, ती वाटायची सोडून मी हे लिहिते आहे, कारण हात मोकळे राहिले की फोनकडे जातात. तू शिकवलेली ही मराठी अक्षरं घरात आता माझ्याशिवाय कोणाला वाचता येत नाहीत, तेव्हा मनात येईल ते लिहायला मोकळी आहे.

गेल्या महिन्यात त्याने मला त्या गाडीत बसवून वल्लमपर्यंत नेलं. पुढ्यात केवढी थोरली काच, आपल्या देवघरातल्या कृष्णाच्या पटाएवढी! बटण म्हणून एक नाही. थंडी कमी कर म्हटलं, तर हा रस्ता सोडून काचेवर बोट फिरवत बसला. तेवढ्यात मित्राचा फोन आला, अख्खी काच त्या मित्राच्या तोंडाने भरली, आणि समोर टाउन बस उभी! कसाबसा ब्रेक लागला. मी ओरडले तर म्हणतो, "अय्यो अम्मा, टेन्शन कशाला? फोन हातात धरला तरच फाइन. हे लीगल आहे." म्हणजे हातातल्या फोनला दंड, आणि तोच हातभर मोठा करून डोळ्यांपुढे ठोकून दिला की माफ. कसला मेला कायदा हा! वर कौतुकाने दाखवलं मला, "तू फोन केलास की तुझा फोटो असा येतो, पाहा." हसतमुख मी, त्याच्या आणि रस्त्याच्या मध्ये. तेव्हापासून तो गाडीत असला की मी फोन करत नाही. करायचा नाही असं ठरवलं आहे, आणि ते किती जड जातं ते तुलाच सांगते.

अप्पांनी पहिली गाडी घेतली तेव्हा मी कॉलेजात होते. राजवाड्यामागच्या आपल्या गल्लीत तेव्हा एकेकाच्या दारात गाड्या येऊ लागल्या होत्या, ज्यांनी जन्मभर सायकल हाकली त्यांच्यासुद्धा. अप्पांनी गाडीआधी कॅसेट प्लेअर पसंत केला, हिरवे-तांबडे दिवे नाचणारा. मग दर रविवारी तिरुवैयारु. तू पुढे, मी मागे, आणि वाटभर तोच खेळ: कॅसेट लागली की राग कोणी आधी ओळखायचा. मला तो खेळ फार आवडायचा, कारण एरवी अप्पा माझ्याशी मार्कांपलीकडे बोलत नसत.

त्या रविवारी ऊन रणरणतं आहे. गाणं सुरू होतं, मी म्हणते, "दर्बार." अप्पा गरजतात, "नायकी! कान आहेत की काय? ऐक पुन्हा." आणि त्यांचा हात प्लेअरकडे जातो. कॅसेट जास्त मागे जाते, मग जास्त पुढे. ते वाकून दिव्यांत पाहू लागतात. तू म्हणतेस, "अहो, समोर पाहा." ते म्हणतात, "एक क्षण." तू पुन्हा म्हणतेस, या वेळी आवाज चढवून. पुढे रस्त्यावर उडदाची वाळकी झाडं पसरली आहेत, येणाऱ्या-जाणाऱ्या चाकांखाली मळली जावीत म्हणून, आणि त्यांत एक म्हातारी ओणवी होऊन काठीने ती परतते आहे. अप्पा मान वर करतात, ब्रेक दाबतात, आणि त्या पाल्यावरून गाडी घसरतच जाते. थांबते तेव्हा म्हातारी दिसत नाही. मग बॉनेटच्या पलीकडून ती उठते, अंगावरची टरफलं झटकते आणि किंचाळते, "कण्णु तेरियलैया? डोळे फुटले का रे तुझे?"

तू उतरलीस, तिला सावलीत बसवलंस, पाणी पाजलंस, तिचे हातपाय चाचपून पाहिलेस. कोठे लागलं नव्हतं. गाडीत परत आलीस आणि आधी कॅसेट ओढून काढलीस. "गाडी माझी आहे," अप्पा म्हणाले. "रस्ता तुमचा नाही," तू म्हणालीस. तुला त्यांच्यापुढे असं बोलताना मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. "यापुढे गाडी उभी असेल तेव्हा गाणं. चालू असेल तेव्हा सगळ्यांची तोंडं बंद, माझंसुद्धा." अप्पा कित्येक दिवस फुगून होते, जेवताना पाणीदेखील तुला न मागता माझ्याकडे मागायचे. पण तो कायदा त्यांनी अखेरपर्यंत मोडला नाही.

मला तुझा असा राग आला होता! लोकांच्या गाडीत गाणी, गप्पा, आणि आमची गाडी निघाली की जणू स्मशानात. माझा एकुलता एक खेळ तू काढून घेतलास, असंच वाटायचं. त्या दिवशी घरी आल्यावर तू दहीभात वाढत होतीस आणि वाढताना पळी पानावर तडतड वाजत होती, हे मी पाहिलं होतं. पाहून तोंड फिरवलं. तुला किती भीती वाटली होती ते मला आज कळतं, हा मुलगा वाटेत असताना.

फोन वाजला, अम्मा. त्याचाच.

पहिलं हेच विचारलं, "कोठे आहेस? गाडी उभी आहे ना?"

"नाही अम्मा, चालूच आहे. कुंभकोणमला थांबलोच नाही. सॉरी! पापनाशम गेलं आत्ता. बोल."

जिवात जीव आला. तुझा कायदा मला तोंडपाठ आहे. ठेव म्हणायचं होतं, ठेव आणि समोर पाहा. मागे कोणाचा तरी हॉर्न वाजत होता, तोही ऐकू आला. तरी मी फोन कानाला घट्ट धरला आणि विचारलं, जेवलास का रे?