पाचव्या सामन्याआधी

प्रिय सुमित,

सप्रेम जयभीम. हसू नकोस. तू कल्याणच्या हॉस्पिटलात, मी ठाण्याच्या स्टेडियममध्ये, हातात मोबाइल आहे, आणि तरी ताई कागदावर पत्र लिहितेय म्हणजे हिला नक्की काहीतरी झालंय, असं तुला वाटेल. झालंच आहे.

उद्या फायनलचा पाचवा सामना. पहिले दोन जिंकलो तेव्हा सगळे हवेत होते. आपल्या कॅप्टनने, संदेशने, तर मिरवणुकीसाठी ढोलवाल्यांनाही सांगून ठेवलं होतं. तिसऱ्यात तू पडलास, तो सामना गेला आणि वारं फिरलं ते फिरलंच. चौथ्यात बावीस गुणांनी हरलो. संदेशच्या घोट्यावर मी इतकी टेप गुंडाळली की बूट चढेना, तरी तो शेवटपर्यंत पळाला. मेहनतीत कुणी कमी पडलं नाही रे. पण चेंडू रिंगवर आपटून परत आला की सगळ्यांची नजर तू उभा असायचास तिकडे जाते, आणि मग हातपायच गळतात त्यांचे. उद्या काही आपण जिंकत नाही. टीमची फिजिओ असून मी हे लिहितेय, यावरून काय ते ओळख.

बाबा ठाकुर्लीहून रोज तुझा डबा घेऊन येतात, आणि परत जाताना मला फोन करतात, "माया, पोरगा पुढच्या सीझनला उभा राहील ना गं?" आठवतं, त्यांनी लोखंडी पट्टी वाकवून आपल्याला बास्केटबॉलची रिंग करून दिली होती, आणि ती चांगली लंबुळकी झाली होती? तिच्यात चेंडू घालायला शिकला म्हणून खऱ्या रिंगवर सुमितचा नेम चुकत नाही, असं ते अजून पाहुण्यांना सांगतात. मी फोनवर नुसतं हं हं करते.

काल डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालेला तोच उजवा गुडघा. लिगामेंट पुन्हा तुटलंय आणि आतली कूर्चेची गादीही फाटलीय. ऑपरेशननंतर तू चालशील, जिने चढशील. खेळणार नाहीस, सुमित. पुढच्या सीझनला नाही आणि त्यानंतरही नाही. हे तुला सांगायचं काम मी मागून घेतलं.

कारण आणखी एक सांगायचं आहे, आणि ते तुझ्या तोंडावर माझ्याच्याने होणार नाही. तिसऱ्या सामन्याच्या सकाळी मी तुझी फिटनेस चाचणी घेतली. आधी डाव्या पायावर तीन उड्या, मग उजव्यावर तीन. डाव्यावर मारून तू पाणी प्यायलास, परत आलास आणि पुन्हा डाव्यावरच मारल्यास. किती लांब गेलास ते तूच ओरडून सांगत होतास, मी मान खाली घालून वहीत लिहितेय असं तुला वाटलं. मी तुझ्या पायाकडेच बघत होते. एकच सामना जिंकायचा उरला होता, आणि मलाही तो कप हवा होता. मी उजव्या पायाच्या रकान्यात आकडे लिहिले आणि खाली सही केली. "ताई, मी तुला फसवलं," असं म्हणत तू तीन दिवस फोनवर रडतोयस, माफी मागतोयस, आणि मी ती ऐकून घेतेय. आता मागू नकोस. तू मला फसवलं नाहीस.

तुझीच,
मायाताई